केशवरावांच्या मागाखाली

आंधळगावच्या आमच्या कोष्टी गल्लीत केशवरावांचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. त्यामुळे त्यांच्याकडचं भांडण, हसणं आणि मागाची खटखट मला फुकटात ऐकायला मिळते. ही गोष्ट गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यातली.

केशवराव कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणतात. माग जुना, खड्ड्याचा. खड्ड्याच्या काठावर बसायचं, पाय खाली पावड्यांवर ठेवायचे. पावडी दाबली की ताण्याचे धागे वरखाली होतात आणि मधून धोटा पळतो. धागा तुटू नये म्हणून त्याला तांदळाची खळ लावतात. आता खळ म्हणजे उंदरांना आयतं जेवणच, आणि उंदीर आले की त्यांना खाणारंही येतं. केशवरावांच्या परसातल्या लाकडांच्या ढिगात एक लांबलचक धामण राहायची. बिनविषारी, गरीब जनावर. गल्लीत सगळ्यात कमी उंदीर त्यांच्याच घरी होते, पण ते कोणामुळे, याचा विचार कोणी कशाला करतोय!

सून रत्नमाला भंडाऱ्याची, फरशीच्या घरात वाढलेली. दिवस गेलेले असताना तिनं ती धामण पाहिली आणि तिला तापच भरला.

"मामाजी, ते इथं राहीन, तं मी नाही राहत," ती सासऱ्यांना म्हणाली.

केशवरावांचा या पोरीवर भारी जीव. त्यांनी स्वतः काठी घेतली आणि धामण मारली. गल्ली म्हणाली, बरं झालं, धामणीचं शेपूट लागलं की अंग झडतं. कोणाचं झडलेलं मी तरी पाहिलं नाही.

रत्नमालाला मुलगी झाली, पावसाळा आला आणि उंदीर सुटले. एका रात्रीत त्यांनी अख्खा ताणा कुरतडला. मुलगा अंकुशनं विषाच्या गोळ्या टाकल्या. विष खाल्लेला एक उंदीर माझ्या मांजरीनं खाल्ला आणि मांजरच मेली. त्या रागात मी अंकुशशी बोलणं टाकलं होतं. चार उंदीर मेले, पण त्यांना खाणारी दोन्ही तोंडं गेली, मग उरलेल्यांना रान मोकळं. आणि इतकं खाणं एका जागी असल्यावर कोणी तरी येणारच होतं.

ते एका दुपारी आलं. अंकुश बाजारात गेलेला, लेकरू पाळण्यात. केशवराव उजव्या पायानं पावडी दाबून धोटा फेकणार, तोच खड्ड्यात उंदीर चिरकला. त्यांनी खाली पाहिलं. उंदरामागून नाग आला होता. त्याचं अर्धं अंग केशवरावांच्या डाव्या पायावर आणि अर्धं त्या दाबलेल्या पावडीवर होतं. उजवा पाय उचलला की पावडी उसळणार आणि नाग चावणार, हे त्यांना लगेच कळलं.

तेवढ्यात रत्नमाला खळीचं पातेलं घेऊन आत आली.

"पळू नको, बाई," ते हळूच म्हणाले. "जमीन हालते. जनावर आहे, माह्या पायावर."

तिनं पातेलं कसं खाली ठेवलं, ते तिलाच आठवत नाही. नागानं उंदीर धरला होता आणि तिथंच, पायाशी, तो गिळायला लागला. त्याला कसलीच घाई नव्हती. केशवरावांची मांडी आधी नुसती दुखली, मग थरथरायला लागली. पावडी किंचित वर आली. नागाचं अंग आवळलं.

रत्नमाला गुडघ्यांवर सरकत खड्ड्यापर्यंत गेली. तिनं दोन्ही हात सासऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर ठेवले आणि अंगातला सगळा जोर लावून तो दाबून धरला. नाग तिच्या हातांपासून वीतभर खाली. पाळण्यात लेकरू रडायला लागलं, तरी तिनं मान वळवली नाही.

किती वेळ गेला, दोघांनाही सांगता येत नाही. उंदराची शेपटी आत गेली, आणि नाग खड्ड्याच्या कोपऱ्यातल्या उंदरांच्याच बिळातून निघून गेला.

लेकरू थांबेना म्हणून मी बघायला गेले. केशवराव खड्ड्याबाहेर, भिंतीला टेकून बसले होते, घामानं चिंब. रत्नमाला समोर बसलेली. काय झालं ते त्यांनी तुटक-तुटक सांगितलं. मी लेकराला उचललं आणि शेजारच्या पोराला सर्पमित्राकडे पिटाळलं.

"मामाजी," रत्नमाला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "मी बोलली म्हणून धामण मारली तुम्ही. ते असतं तं इतके उंदीर नसते. हे आलंच नसतं."

"काठी माह्या हातात होती, बाई," केशवराव म्हणाले. "तुले काहून दोष?"

खड्ड्याबाहेर आल्यावरही तिनं दोन्ही हात त्यांच्या उजव्या गुडघ्यावर तसेच दाबून धरले होते. मी ते सोडवले.