जिजीची वेगळी डबी

जिजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दारातल्या उजेडात आरसा धरून काजळ घालत होते. बोट डोळ्यापाशीच थांबलं… एका डोळ्यात काजळ, दुसरा कोरडा, तशीच नंदुरबारच्या गाडीला पळाले. जिजी म्हणजे माझी मोठी काकू. वाटेत रडू आलं नाही, नुसती भीती वाटत राहिली. तिला जाऊन आता दीड महिना झाला, भीती काही गेलेली नाही.

तापीकाठच्या आमच्या घरात तेव्हा, म्हणजे चाळीस सालाच्या जरा आधी, सगळ्या बायकांना मिळून काजळाची एकच डबी असे. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालून काजळ धरायचं, तुपात खलायचं, आणि सकाळी वेण्या झाल्या की एकच कांडी या डोळ्यातून त्या डोळ्यात फिरायची. त्यात कुणाला वावगं वाटत नसे, उलट तीच आपुलकी. जिजी मात्र लग्नानंतर तीन-चार वर्षांनी आपली डबी वेगळी ठेवू लागली. इतकं जाड काजळ घालायची की बायका वळून बघत. आई म्हणायची, "रूपना गर्व शे, दुसरं काय!" मला मात्र तसेच डोळे हवे होते.

मी सात वर्षांची असेन. जिजी पाण्याला गेलेली पाहून मी कोनाड्यातली तिची डबी काढली आणि तिच्याच कांडीनं दोन्ही डोळे भरले. ती परतली, मला पाहिलं आणि डोक्यावरचा हंडा धाडकन खाली आला. "हाई काजय तू लायं का?" मी मान हलवली. तिनं मला एक चपराक दिली, मोरीत ओढत नेलं आणि डोळ्यांवर पाणी मारत सुटली. आई धावत आली. "पोरले का मारस? असं काय शे त्या डबीमा?"

जिजीनं ओसरीवर बसलेल्या काकांकडे एकदा पाहिलं. तिला मूल नव्हतं. काकांना दुसरी बायको करायची बोलणी घरात दबक्या आवाजात सुरू होतीच. ती गप्प राहिली असती तरी कुणाला कळलं नसतं… "मन्हा डोया बिघडेल शेतस, बाई," ती म्हणाली. "पापनीमा खुपऱ्या शेतस. पोरले लागी जाई." पापणीच्या आत दाणे उठून डोळा घालवणारा हा रोग. त्यानं लाल झालेले डोळे झाकायला ते जाड काजळ होतं आणि आम्हाला लागण होऊ नये म्हणून ती डबी.

मग रोज सकाळी ती मला अंगणात बोलवायची. "उजेडमा ये, देखू दे." हात राखेनं घासून माझी पापणी उलटायची. "साफ शे," म्हणाली की मगच मी खेळायला पळायचे. माझे डोळे वाचले. तिच्या पापण्यांवर दवाखान्यात मोरचुदाचा खडा फिरवला, तरी एक डोळा गेलाच. वर्षाच्या आत काकांनी दुसरी बायको आणली. त्या वेळी आई जिजीच्या बाजूनं एक शब्द बोलली नाही. आईला मी अजून माफ केलेलं नाही, आणि ती डबी उघडणाऱ्या स्वतःलाही.

शेवटची भेट दिवाळीत झाली. दुसऱ्या डोळ्यानंही तिला काही दिसत नव्हतं. तरी माझा चेहरा चाचपत तिनं मला दाराकडे वळवलं, पापणी उलटली, अंगठा हळूच फिरवला आणि म्हणाली, "साफ शे."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते खोटं नाही. अजूनही काजळाआधी मी हात घासते, उजेडात उभी राहते, पापणी उलटून आरशात बघते. दिसतं सगळं स्वच्छच. पण ते दुसऱ्या कुणीतरी म्हणावं लागतं…