शेड मास्टरची नजर

आमचे हे कापड रंगवायच्या कारखान्यात शेड मास्टर. गिऱ्हाईक आपल्या पसंतीचा तुकडा पाठवतं, कारखान्यात तसाच रंग करून दुसरा तुकडा काढतात, आणि दोन्ही जुळले की नाही ते हे सांगतात. यांनी ‘हं’ म्हटलं की हजारो मीटर कापड रंगात जातं. एकतीस वर्षं हेच चाललंय. एकदा दवाखान्यात नर्सने नाव विचारलं तर म्हणाले, "शेड मास्टर." ती हसली. मला नाही बाई हसू आलं.

मुलगी झाली तेव्हा तिसऱ्या दिवशी उगवले. तिला हातात घेतलं आणि म्हणाले, "किंचित पिवळी आहे." कावीळच निघाली, म्हणजे चुकले नव्हते म्हणा. पण माणसाने आधी दुसरं काही बोलावं की नाही? रजा कधी घेतली नाही. रक्तदाबाच्या गोळ्या डब्याबरोबर कारखान्यात जायच्या आणि निम्म्या तशाच परत यायच्या. मी चिडले की म्हणायचे, "अगं, माझ्यावाचून तिथे पान हलत नाही."

गेल्या महिन्यात एका पायात काळा आणि एका पायात निळा मोजा घालून निघाले, तेव्हा मी ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. रंगांत ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस! डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चांगलेच पिकलेत. ऑपरेशन करून महिनाभर कामाला सुट्टी द्या, डोळे पूर्ववत होतील. आणखी थांबलात तर डोळ्यांत दाब वाढेल, आणि मग गेलेली नजर परत यायची नाही.

"महिना?" बाहेर आल्यावर हे म्हणाले. "महिनाभर नाही गेलो तर त्यांना सवय होईल."

मी तरीही ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवली, येत्या सोमवारची.

दरम्यान यांनी नवीनच टूम काढली. संध्याकाळी दोन तुकडे खिशात घालून घरी आणायचे. मी भांडी घासत असायची. ओट्यावर तुकडे ठेवून विचारायचे, "कसे वाटतात? सहज विचारतोय." सहज कसलं डोंबलाचं! मी बघून सांगायची, हे दुसऱ्या दिवशी तेच कारखान्यात सांगायचे. कळत होतं मला. पण नाही म्हटलं असतं तर या माणसाकडे उरलं काय असतं? दोन्हींचे कोपरे कापून वहीत चिकटवून ठेवायचे, जुनी सवय.

परवाचा रंग राखाडी होता. "जुळतात," मी म्हटलं.

काल सकाळी हे गेल्यावर वही खिडकीत उघडली. उन्हात एक तुकडा राखाडी होता आणि दुसरा सरळसरळ हिरवट! दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात फुटतो, म्हणून दिवसाच्या उजेडात बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हे यांनीच शंभरदा ऐकवलेलं. आणि मी ओट्यावरच्या ट्यूबखाली बघून मोकळी झाले होते. होते त्या कपड्यांत धावत सुटले. कारखान्यात थेट साहेबांच्या खोलीत घुसले आणि एका दमात सगळं ओकले. लॉट थांबवा, चूक माझी आहे, यांच्या डोक्यावर खापर फोडू नका.

साहेबांनी मला बसवलं, पाणी दिलं. वयाने आमच्या जावयाएवढे असतील.

"ताई, घाबरू नका. तो तुकडा आम्ही कालच बाद केलाय. दीड वर्ष झालं, रंग मशीनच जुळवतं."

"मग हे?"

"ते सही करतात. त्या कागदाचं पुढे काही होत नाही. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत त्यांची, कशाला मन दुखवायचं? आम्हाला सगळ्यांना आदर आहे त्यांचा. तुम्ही बोलू नका हं, खचतील."

चांगला होता हो माणूस. त्याचाच जास्त राग आला.

घरी येताना मी पक्कं ठरवलं, आज सांगायचंच. तुमच्यावाचून तिथे काही अडत नाही, सोमवारी गुपचूप ऑपरेशनला चला. दिवसभर वाक्य घोकत बसले होते.

हे आले ते जिना चढतानाच हाका मारत. "ऐकलंस का! साहेब स्वतः आले माझ्या टेबलापाशी. म्हणाले, मास्टर, राखाडी लॉट झकास उतरला, तुमच्यासारखी नजर नाही कोणाची. सगळ्यांसमोर म्हणाले!" बोलता बोलता हात पुढे करून खुर्ची चाचपत होते. ती सापडली तेव्हा बसले. कितीतरी महिन्यांनी हसत होते. "बघ आता तूच. महिनाभर घरी बसलो असतो तर?"

मी उठून चहा टाकला. त्या तोंडाकडे बघून काय बोलणार होते मी?

"सोमवारचं कळव बाई डॉक्टरांना," हे म्हणाले, "आता जमायचं नाही म्हणून."

मी फोन केला. पुढची तारीख देऊ का, असं तिकडून विचारलं. नको म्हटलं.