बारा माश्या आणि सातव्या क्रमांकाचं पुस्तक

माझी ताई डावखुरी. शिवणाच्या वर्गात बाकीच्या मुली बाईंच्या शेजारी बसून पाहायच्या आणि ही बाईंच्या बरोब्बर समोर स्टूल टाकायची. समोर बसलं की बाईंचा उजवा हात तिच्या डाव्या हाताच्या बाजूला येई. बाईंनी सुरुवातीला हात बदलायला लावून पाहिला, मग नाद सोडला. वर्ष संपलं तेव्हा वर्गातलं सगळ्यात नेटकं काज तिचं होतं.

पुढे तीस-बत्तीस वर्षं तिने घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान चालवलं. कोट शिवले, गणवेश शिवले. मग तयार कपडे आले. गिऱ्हाईक तुटलं नाही, पण काम बदललं. पँट दोन इंच आखूड करा, चेन बदला, कंबर सैल करा.

"दिवसभर दुसऱ्यांनी शिवलेलं उसवत बसते," ती एकदा मला म्हणाली. "पहिल्या टाक्यापासून शेवटच्या बटणापर्यंत माझं असं शेवटचं काय केलं, आठवत नाही."

सूर तक्रारीचा नव्हता. पण मी तिचा धाकटा भाऊ आहे. ताई कुरकुरली तर काळजी नसते, ती शांतपणे बोलली की असते.

भावोजींना गळाने मासे धरण्याचा नाद आहे. दर रविवारी ते नदीवर जातात. गांडूळ वगैरे त्यांना चालत नाही. गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी लागते. ती पाण्यावर अलगद टेकवली की मासा तिला किडा समजून तोंड मारतो. त्यांची अशी एक माशी सुटून आली होती. ते ती फेकणार, तेवढ्यात ताईने मागून घेतली आणि मशीनच्या दिव्याखाली टाचणीने उलगडली. अर्ध्या इंचाची वस्तू, पण ताई तासभर खुर्चीतून हलली नाही.

"यात शिवण कुठेच नाही," ती म्हणाली. "नुसती गुंडाळी, आणि शेवटी एक गाठ. अहो, हे करतं कोण?"

पुलाजवळ मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. तिथे माश्या काचेच्या पेटीत, लहान लहान कप्प्यांत मांडलेल्या असतात. मधला कप्पा, तपकिरी माशीचा, रिकामा होता. ती बांधणारे गृहस्थ मुलीकडे परगावी राहायला गेले होते. ताईने दुकानदाराला सरळच विचारलं, मी करून दिल्या तर ठेवाल का.

दुकानदाराने तिच्या हाताकडे पाहिलं. ती डाव्या हाताने चष्मा पुसत होती.

"डावखुऱ्या का तुम्ही? मग राहू द्या. मागे एक डावखुरे आले होते शिकायला. तीन दिवसांत पळाले. सगळी पुस्तकं उजव्या हाताची असतात हो."

"ते माझं मी बघेन. तुम्हाला काय हवं ते सांगा."

"एका ठशाच्या बारा तपकिरी माश्या. बारावी पहिलीसारखी दिसली पाहिजे. सहा आठवडे थांबतो, मग कप्पा दुसऱ्याला देईन."

शिकवणारं गावात कोणी नव्हतं, म्हणजे पुस्तकाला पर्याय नव्हता. आणि पुस्तक निवडायचं म्हणजे मी, कारण घरात कागदाचा माणूस मी. छत्तीस वर्षं कचेरीत कुठलीही खरेदी असली की तुलनात्मक तक्ता करूनच साहेबांपुढे ठेवत आलो आहे. वाचनालय आणि दोन पुस्तकांची दुकानं पालथी घालून नवशिक्यांसाठी म्हणून लिहिलेली सात पुस्तकं गोळा केली. तक्त्यात रकाने पाडले: पृष्ठसंख्या, माश्यांचे प्रकार, रंगीत चित्रे, सूची, बांधणी. गुण दिले, बेरीज केली, क्रमांक लावले. पहिल्या क्रमांकाच्या पुस्तकात चारशे प्रकार होते.

"चारशे," भावोजी पान उलटत म्हणाले. "मेहुणे, तिला एक हवी आहे."

"जास्त असलेलं काय वाईट?" मी म्हणालो.

वाईट काय ते दोन दिवसांत कळलं. गळ छोट्या शिकंज्यात पकडायचा, एका हाताने दोरा फिरवायचा आणि दुसऱ्याने पीस धरायचं. दोरा सोडला की केलेलं सगळं उलगडतं. आणि ते जाड पुस्तक हात काढला की आपोआप मिटे. ताईने त्यावर गार इस्त्री ठेवली. मग दिसलं की प्रत्येक माशीला फक्त तीनच चित्रं आहेत. दुसऱ्या चित्रात नुसता दोरा आणि तिसऱ्यात तयार माशी.

"मधलं कुठे गेलं?" ताई म्हणाली.

दुसऱ्या क्रमांकाचं पुस्तक पाठीला तारेचं वेटोळं असलेलं, टेबलावर सपाट पडणारं. मधलं सगळं त्यात होतं, गुळगुळीत रंगीत फोटोंत. पण फोटोंतला हात उजवा, आणि गळाचं नेढं, म्हणजे जिथे दोरी ओवायची ते छिद्र, उजवीकडे. ताईच्या शिकंज्यात ते डावीकडे. फोटोत शेपूट डाव्या टोकाला म्हणून तिनेही डाव्या टोकाला बांधलं. नेढ्यातून पिसं बाहेर आली.

भावोजींनी ती माशी चष्मा वर करून पाहिली. "ही मागे मागे पोहणाऱ्या माशांसाठी असावी."

"अहो, तुम्ही नदीवर जा."

"आज मंगळवार आहे."

"तरी जा."

मग तिने कपडे घालून पाहायच्या खोलीतला आरसा आणून पुस्तकासमोर उभा केला. फोटोतला हात डावा झाला, पण मजकूरही उलटला. भावोजींनी वाचून दाखवायचं कबूल केलं. पण ते पुढचं वाक्य आधी वाचत, आणि फोटोतल्या बोटांनी झाकलेल्या माशीचं काय चाललंय ते आरशातही दिसेना. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतची पुस्तकंही उजव्या हाताच्या फोटोंचीच निघाली. तीन आठवडे संपले होते. डब्यात वाकड्यातिकड्या एकोणीस माश्या जमल्या होत्या, एकीसारखी दुसरी नाही. त्या संध्याकाळी तिने शिकंजा पुसून कापडात गुंडाळला आणि कुणाची तरी पँट आखूड करायला घेतली. ते पाहून मला अजिबात बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं परत करायला पिशवीत भरत होतो. सातवं पुस्तक तिने अजून उघडलंही नव्हतं. वाचनालयाच्या रद्दीच्या फळीवरून आणलेलं, चाळीस-पन्नास पानांचं, पिवळं पडलेलं. तक्त्यात त्याच्यासमोर मी शेरा लिहिला होता: रंगीत चित्रे नाहीत, प्रकार फक्त सहा, विचारात घेऊ नये.

"दाखव बघू," म्हणून ताईने ते घेतलं. आत फोटो नव्हतेच. काळ्या रेघांची चित्रं होती. हात नाही, सावली नाही. फक्त गळ, आणि दोरा कुठून कुठे जातो ती रेघ. पहिल्या माशीची चौदा चित्रं, आणि वर नाव त्या तपकिरी माशीचंच होतं.

ताईने चौदाही चित्रांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "अरे, उजव्या बाहीचा कागद असला की डावी बाही कशी कापतात?"

"मला काय ठाऊक?"

"कागद उलटा ठेवतात. आयुष्यभर तेच केलं आणि इथे आरसे लावत बसले. जा, पातळ बटर पेपर घेऊन ये. चांगला पारदर्शक बघ."

तिने चौदाच्या चौदा चित्रं गिरवली. फोटो असा गिरवता येत नाही, रेघ येते. मग प्रत्येक कागद उलटा केला. नेढं डावीकडे आलं, शेपूट उजवीकडे गेलं, दोरा तिच्या हाताच्या बाजूने फिरू लागला. कागदांवर तिने स्वतःच्या अक्षरात दोन-दोन शब्द लिहिले. "इथे घट्ट." "नेढ्याजवळ जागा सोड." "पीस तीन वेढे, चौथा नको." आणि ते मशीनसमोरच्या भिंतीवर ओळीने टाचले, जिथे पूर्वी कोटाचे कागद टांगलेले असत.

पहिली माशी त्याच दुपारी झाली. लठ्ठ होती, पण शेपूट शेपटाच्या जागी होतं. भावोजींनी ती मागितली.

"नाही," ताई म्हणाली. "ही नुसती कच्च्या टाक्याची. खरी नंतर."

पुढचे तीन आठवडे तिने दुसरी कुठलीही माशी बांधली नाही. पुस्तकातली दुसरी माशी तर पाहिलीच नाही. दोऱ्याचे वेढे ती टाके मोजावेत तसे मोजी. पीस कापायला मापाची पट्टी केली. बांधलेली माशी पसंत पडली नाही की पात्याने दोरा कापायचा, गळ साफ करायचा, पुन्हा सुरू. उसवायचा तिला सराव होताच, फक्त आता ती स्वतःचं उसवत होती.

सहाव्या आठवड्याच्या शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. ताईने बटणांच्या डबीतून बारा माश्या काढून काउंटरवर मांडल्या. दुकानदाराने खाली पांढरा कागद सरकवला आणि भिंग घेतलं. एकेकीचं पीस चिमट्याने ओढून पाहिलं. काही निघालं नाही. नेढ्यातून दोरी ओवून पाहिली, बाराही वेळा सरळ गेली. मग त्याने कागद उचलून माश्या हलवल्या, जागा बदलल्या आणि विचारलं, "यातली पहिली कोणती बांधली होती?"

ताईने चष्मा लावला. पुढे वाकून डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग उजवीकडून डावीकडे.

"मलाच ओळखता येत नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर," दुकानदार म्हणाला आणि त्याने काचेच्या पेटीचं झाकण उघडलं. मधल्या कप्प्यात एकेक माशी ठेवताना सहज विचारावं तसं म्हणाला, "तुम्ही पुस्तक कोणतं वापरलंत? ते मागे पळालेले डावखुरे गृहस्थ अजून येतात दुकानात."

"पुस्तक हा सांगेल," ताईने माझ्याकडे बोट केलं. "पण त्यांना म्हणावं, माझ्याकडे या. कागद माझ्याकडे आहेत."

भावोजींनी झाकण लागण्याआधी हात पुढे केला. "एक मला. घरचा माणूस आहे."

"घरचा माणूस उद्या सकाळी दुकान उघडल्यावर येईल," ताई म्हणाली. ते खरोखरच दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून गेले.

घरी येऊन मी तक्ता काढला. सातव्यावर काट मारून एक लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं: गिरवता येते.

सोमवारी सकाळी मी तिच्याकडे होतो. एक मुलगी नवी पँट घेऊन दारात आली. "काकू, दोन इंच कमी करायची आहे."

ताईच्या बोटांत दोरा ताणलेला होता. तिने मान वर न करता सांगितलं, "मागच्या गल्लीत एक बाई करतात गं, छान करतात. माझ्याकडे आता पुढच्या दोन डझनांचं काम आहे."

मुलगी भिंतीवरच्या चौदा कागदांकडे पाहत क्षणभर रेंगाळली. ताईने सातवा वेढा घेतला आणि आठवा मोजला.