पाण्याखालची पायरी

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ऊन मला टोचायला लागलं. गल्लीत पाऊल टाकलं की समोरच्या गाडीच्या काचेवरून थेट डोळ्यांत यायचं. डॉक्टर म्हणाले, बाहेर पडताना गॉगल लावत जा. आई गेल्यापासून घरात मी एकटीच. बँकेतून रिटायर झाल्यावर तर दिवसभरात कोणाशी बोलणं होईलच असं नाही. बाजारात जायला काम निघालं, याचं खरं तर बरंच वाटलं.

आमच्या या हिंदी बोलणाऱ्या गावात, टावर चौकातल्या चष्म्याच्या दुकानात एक तरुण मुलगी होती. तिने एक गॉगल माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"आंटी, काउंटर की तरफ देखिए."

काउंटरच्या काचेवर बाहेरच्या उन्हाचा पांढरा पट्टा चकाकत होता. तो जवळजवळ नाहीसा झाला आणि खाली मांडलेल्या फ्रेमी दिसायला लागल्या. मग तिने गॉगल हळूच उभा फिरवला, तर पट्टा परत आला.

याला पोलराइज्ड म्हणतात, ती समजावत होती. पाण्यावरून, रस्त्यावरून, काचेवरून उलटून येणारी चमक ही काच अडवते, बाकीचा उजेड आत सोडते. पण डोळ्यांना अपाय करणारे अल्ट्राव्हायोलेट किरण दिसत नाहीत, त्यांच्यापासूनचं संरक्षण वेगळं बघून घ्यावं लागतं. ते नसेल तर नुसती काळी काच उलट वाईट. तिच्याआड डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत शिरतात. तिने दोन्ही असलेला गॉगल काढून दिला. मला सगळं समजलं होतं, तरी मी आणखी दोन-चार प्रश्न विचारले. दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा उठले.

गॉगलने डोळे निवले. फक्त रस्त्यात ओळखीचे लोक सरळ पुढे निघून जायला लागले. आधी नजरानजर झाली की कुणी मान तरी हलवायचं.

थंडीतल्या एका सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, मी नदीवरच्या राम घाटावर गेले. ऑपरेशननंतर पायऱ्यांचा अंदाज अजून नीट येत नव्हता, म्हणून वरच थांबून पायाने चाचपत होते. तेवढ्यात कोणीतरी माझा हात धरला. बाहेरगावहून दर्शनाला आलेली, माझ्याच वयाची बाई होती.

"अकेली हो, बहनजी? आओ, मैं ले चलती हूँ."

काळ्या गॉगलमुळे मला दिसत नाही असं तिला वाटलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिचा हात खरखरीत होता, ऊबदार होता. कोणी माझा हात असा धरून कितीतरी दिवस झाले होते.

"अब सीढ़ी है. एक और. सामने नदी है, इतनी चमक रही है कि मुझे भी कुछ नहीं दिखता."

ती एकेक गोष्ट सांगत होती आणि मी मान डोलवत होते. तिने मला पाण्याजवळ बसवलं आणि स्वतः पाय धुवायला पुढे झाली. गॉगलमधून मला पाण्याखालची पायरी साफ दिसत होती, हिरव्या शेवाळाने भरलेली. तिने पाऊल उचललं.

"वहाँ पैर मत रखना," मी म्हणाले. "काई जमी है."

ती तशीच थांबली. मग वळून माझ्याकडे बघत राहिली.

"आपको दिखता है?"

"दिखता है."

"तो बताया क्यों नहीं?"

"आपने हाथ पकड़ा था," मी म्हणाले. "अच्छा लगा."

ती माझ्या शेजारी येऊन बसली. काय करावं ते न सुचून मी गॉगल काढून तिला दिला. माझ्यासमोरची नदी एकदम पांढरी झाली. तिने तो लावला, पाण्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "अरे, यहाँ तो मछलियाँ हैं." बराच वेळ ती मासे बघत होती. मी डोळे मिटून तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत होते.

वरून तिच्या माणसांनी हाक मारली. तिने गॉगल आपल्या हातांनी माझ्या डोळ्यांवर चढवला.

"ऊपर तक छोड़ दूँ?"

"नहीं, मैं आ जाऊँगी," मी म्हणाले. सवयीने. हो म्हणायला हवं होतं, हे ती गर्दीत दिसेनाशी झाल्यावर सुचलं.

मग मी तिथेच बसून राहिले. ऊन डोक्यावर आल्यावर उठले आणि एकेक पायरी चाचपत वर चढले.