साध्या पाण्याचा पहिला घोट

कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले; तथापि माझ्या मसुद्यात खोट काढणारा कारकून अद्याप भेटलेला नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

गेल्या वर्षी पत्नीला अर्धांगाचा झटका आला. प्रभुकृपेने हातपाय सावरले, वाचाही परतली, परंतु गिळण्याची शक्ती अधू झाली. पाणी श्वासनलिकेत उतरण्याचा धोका होता. म्हणून त्यात पावडर कालवून, खळीसारखे दाट करून ते तिला चमच्याने भरवावे लागे. खारघरचा उन्हाळा, आणि स्वयंपाकघरातला नळ सुटला की ती तिकडे कान लावून बसे.

अखेर डॉक्टरीणबाईंनी साध्या पाण्याची परवानगी दिली. हनुवटी छातीकडे झुकवून, एकेक घोट. ठसका लागल्यास मात्र पुन्हा दाट पाणी, आणि ते किती दिवस, हे त्यांनाही सांगता येईना.

रविवारी उपासनेहून परतल्यावर मुलीने पाण्याचा ग्लास पत्नीपुढे ठेवला. जेवणापूर्वी आभार मानण्याची रीत आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु नुसत्या पाण्यासाठी हात जोडल्याचे मला स्मरत नाही. त्या दिवशी कुटुंबप्रमुख या नात्याने प्रार्थनेचा मान मी घेतला.

“हे स्वर्गीय बापा, तुझी दासी, राहणार खारघर, हिची सदर अडचण विचारात घेऊन…”

“पप्पा, पत्ता कशाला?” मुलगी पुटपुटली.

“अवो, देवबापाला आपलं घर म्हाईत हाये,” पत्नी डोळे मिटूनच म्हणाली. “आभार माना आन्‌ सोडा मला. घसा वाळलाय.”

मी आमेन म्हटले.

तिने हनुवटी झुकवून घोट घेतला. मुलीचा हात तिच्या पाठीवर होता, माझे डोळे तिच्या गळ्यावर. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. आम्ही वाट पाहिली. ठसका आला नाही. तिने आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक. ओठांवरचे पाणी तिने पुसले नाही.

“कसं वाटतंय?” मी विचारले.

“गार हाये वो,” ती म्हणाली, आणि रडू लागली.

मी पुन्हा हात जोडले. अर्जात आभार अगदी शेवटी येतात, तेही काम होण्यापूर्वी. झालेल्या कामाबद्दल आभार लिहून घ्यायला माझ्या टेबलापाशी आजवर कोणी आलेले नाही. शब्द जुळेनात. “बापा, ती पाणी प्याली,” एवढेच मी बोलू शकलो.

“आता तुमीबी माझ्यासमोर प्या,” डोळे पुसत पत्नी म्हणाली. “इतके दिवस जिन्यात जाऊन पीत होता, ते मला कळत नव्हतं व्हय?”

मुलीने दुसरा ग्लास भरून आणला. आम्ही समोरासमोर बसून पाणी प्यालो, तिच्याच गतीने, एकेक घोट.