काठ न दिसणारं पाणी

दाजींना वाहता नळ पाहवत नसे. नळ कुणाचा, कशासाठी सोडलाय, ही चौकशी ते आधी करत नसत. आधी नळ बंद, मग चौकशी. या एका सवयीपायी नऊ महिन्यांत मला जितक्या लोकांची माफी मागावी लागली, तितक्यांची मी उभ्या आयुष्यात मागितलेली नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत बहिणीचे, शांताक्कांचे यजमान. ते हसनाबादचे, मी धावड्याचा. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं ओमानच्या किनाऱ्यावर एका मरीनात, एका डच म्हाताऱ्याच्या शिडाच्या बोटीवर राहत होतो. मरीना म्हणजे हौशी लोकांच्या बोटींचा गोठा. धक्क्याच्या दोन्ही अंगांना दावणीला बांधल्यासारख्या बोटी. साहेबाला बोट कोचीला न्यायची होती. इंजिन बिघडलेलं, म्हणून त्यानं मला ठेवलं. मी आयटीआय केलेला डिझेल मेकॅनिक. शिडं ओढायला आणखी एक माणूस हवा होता. दाजींची बांधकाम कंपनी नुकतीच बंद पडली होती, म्हणून मीच त्यांचं नाव सुचवलं. "दहा दिवसांत निघू," असं साहेब म्हणाला तो डिसेंबर होता. आम्ही निघालो सप्टेंबराच्या शेवटी.

गिअरबॉक्सचा एक भाग हॉलंडहून यायचा होता. आला तो दुसऱ्याच इंजिनाचा. तो परत पाठवला. बरोबरचा आला, तोवर साहेब गुडघ्याच्या ऑपरेशनला मायदेशी गेलेला. साहेब आला तर पावसाळी वारे सुरू झाले आणि समुद्र बंद. बोटीच्या पोटात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं आडवं व्हावं, एवढीच जागा. बाहेर पाय टाकला की तळवे भाजायचे. मी चिडून चिडून अर्धा झालो. दाजी मात्र रोज सकाळी आपली पत्र्याची पेटी भरत आणि वरून दोरी बांधत. "बैल जुंपून ठेवावा मेव्हणं. वाट सापडंल तवा सापडंल." संध्याकाळी त्याच पेटीतला टॉवेल लागे, म्हणून दोरी सोडत. टॉवेल तेवढा बाहेर ठेवा, असं मी एकदा वैतागून म्हणालो. "अन् इसरला मंग?" दाजी म्हणाले.

त्यांना जायची घाई होती ती फक्त घरासाठी नव्हे. गावी पंचवीस उन्हाळे त्यांनी बैलगाडीवर लोखंडी टाकी ठेवून पाणी वाहिलं होतं. विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं घागर भरली होती. "एकदा काठ न दिसणारं पाणी बघायचंय," ते म्हणायचे. येताना विमानात मधली खुर्ची मिळाली होती, त्यामुळे समुद्र काही दिसला नव्हता. आणि मरीनाभोवती दगडांचा उंच बांध, वर चढायला बंदी. पाण्यावर राहून नऊ महिने त्यांना समोर बांधच दिसला. "हितं बी काठच हाय," ते त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत. शांताक्कांना त्यांनी कधीच कळवून टाकलं होतं की, समुद्रातून येऊन राह्यलो. हे पत्र अर्ध्या हसनाबादनं वाचलं असणार.

साहेबाचा त्यांच्यावर जीव जडला तो वाऱ्यामुळे. दाजी सकाळी बोटीच्या टोकावर उभे राहून मूठभर लाकडाचा भुसा हवेत सोडत आणि तो कसा पडतो ते पाहत. जन्मभर खळ्यावर तिवईवर उभं राहून ज्वारी उफणलेला माणूस तो. "दुपारपस्तोर उफणायचं वारं हाय, मंग पडंल," असं म्हणत, आणि वारं पडे. साहेबाच्या डोलकाठीवरचं महागडं यंत्र दोनदा चुकलं, दाजी चुकले नाहीत. तेव्हा साहेबानं माझ्यामार्फत त्यांना शब्द दिला: ही बोट निघेल तेव्हा शिडाचा दोर याच्या हातात असेल. दाजींनी त्या दिवशी पेटीला नवी दोरी आणली.

पण नळ होतेच. प्रत्येक बोटीसमोर धक्क्यावर एक नळ, त्याला पाइप, आणि लोक रोज गोड्या पाण्यानं बोटी धूत. आमची बोट धुणं हे दाजींचं काम. ते एका बादलीत आणि ओल्या फडक्यात अख्खी बोट पुसत, आणि उरलेली बादली फाटकाजवळच्या लिंबाच्या रोपांना घालत. शेजारच्या बोटीवरची एक उंच बाई टाकी भरायला पाइप लावून आंघोळीला जाई. दाजी नळ बंद करत. ती येऊन बघे तो टाकी रिकामी. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ती भांडायला आली, तर दाजींनी हात जोडून तिला शुद्ध मराठवाडीत समजावलं: "बाई, तुमच्या गावाला पाऊस लई असंल. पर म्हून असं सोडून द्यायचं व्हय?" मी भाषांतर केलं ते एवढंच, की हे माफी मागत आहेत.

मग कॅन सुरू झाले. पिण्याच्या पाण्याचे दहा-दहा लिटरचे रिकामे कॅन लोक कचऱ्यात टाकत. दाजी ते उचलून आणत, धूत, भरत आणि बोटीत जिथं सापट दिसेल तिथं दडवत. शिडांच्या कपाटात, दोरखंडांखाली, पीठ-तांदळामागे. टाक्या भरलेल्या आहेत, असं मी शंभरदा सांगितलं. "टाकी एक असती मेव्हणं. फुटली तर एकदाच फुटती." मी म्हणालो, बोट बुडवाल तुम्ही. ते म्हणाले, "मी काय चोरी करून राह्यलो का? पाणी भरून राह्यलो."

निघायच्या दिवशी बंदराची परवानगी दुपारी चारपर्यंतची होती. ती हुकली तर पुन्हा पहिल्यापासून अर्ज, आणि आधीच्या अर्जाला तीन आठवडे गेले होते. अडीच वाजता साहेब धक्क्यावर उभा राहून बोटीकडे बघत राहिला. नाक पाण्यात गेलंय, तो म्हणाला, का? दाजी तेव्हा नळावर होते. मला गप्प बसता आलं असतं. पण नऊ महिन्यांची ती दोरी, तो टॉवेल, त्या माफ्या, सगळं एकदम माझ्या डोक्यात गेलं. मी पुढच्या कपाटाचं झाकण उघडून दाखवलं. मग दुसऱ्याचं. एकूण एक्केचाळीस कॅन निघाले, ते धक्क्यावर मांडले. साहेबाचा चेहरा लाल झाला. ओता समुद्रात, तो म्हणाला.

मी तीन ओतले. चौथा दाजींनी माझ्या हातातून घेतला. "खाऱ्यात गोडं? हे माझ्या हातून व्हायचं न्हाई अन् तुमच्या बी न्हाई." आणि दोन हातांत दोन कॅन घेऊन ते चालू लागले, दोनशे पावलांवरच्या लिंबाच्या रोपांकडे. त्या रोपांना मरीनाचं पाणी नळीनं रोज मिळत होतं. हे दाजींनाही ठाऊक होतं. मी ते त्यांना ओरडून सांगितलंही. साहेब म्हणाला, जाऊ दे, चारपर्यंत वेळ आहे. मीही कॅन उचलायला हवे होते. मी रागानं इंजिनापाशी जाऊन बसलो.

चारला दहा कमी असताना बंदराचा अधिकारी घड्याळ बघत धक्क्यावर आला. दाजी घामानं निथळत परत आले आणि पुढचे दोन कॅन उचलले. मी म्हणालो, "दाजी, आता बास. चढा वर." "दोनच खेपा राह्यल्या. जल्दी येतो," ते म्हणाले. साहेबानं तीनदा भोंगा वाजवला. मी साहेबाला एकदा थांबा म्हणालो. एकदाच. अधिकाऱ्यानं दोर सोडला. बोट बांधाच्या तोंडाशी पोचली तेव्हा दाजी मोकळ्या हातांनी धक्क्याच्या टोकाला येऊन उभे राहिले. त्यांची पेटी दोरी बांधलेली, माझ्या पायाशी होती.

पहिले दोन दिवस वारा आणि लाटा. तिसऱ्या दिवशी वारा पडला, आणि इंजिन, ज्याच्यासाठी मी नऊ महिने त्या उकाड्यात काढले, ते बंद पडलं. चौथ्या दिवशी बोटीतल्या नळाचं पाणी खारट लागलं. टाकीच्या तोंडावरचं रबर वाळलं होतं, लाटांचं पाणी आत झिरपलं होतं. पाण्यासाठी आम्ही अख्खी बोट उचकटली. मी झोपायचो त्याच फळीखाली, गोणपाटात गुंडाळलेले दोन कॅन निघाले. तिथं मी बघितलंच नव्हतं. ते पाणी आम्ही वाटीनं मोजून सहा दिवस प्यायलो. चारी बाजूंना कुठेही काठ दिसत नव्हता, आणि बघायला मी होतो, ज्याला त्याचं काही नव्हतं. मला फार लाज वाटली.

वारा परतला आणि बोट कशीबशी कोचीला लागली. पेटी घेऊन मी हसनाबादला गेलो, तेव्हा दाजी माझ्या आधीच पोचले होते. जुन्या ठेकेदारानं त्यांना विमानानं पाठवलं होतं. "खिडकी भेटली व्हती या टायमाला," ते म्हणाले. "पर खाली सगळे ढग." मग विचारलं, "काठ दिसत नव्हता ना?"

"न्हाई."

"चारी बाजूला?"

"चारी बाजूला."

"साहेबाची नजर तेज हाय," मग म्हणाले. "बराबर वळखलं त्यानं कॅनाचं." कबुली द्यायला मी गेलो होतो, आणि जीभ उचलली नाही. मी एवढंच सांगितलं, की टाकी खारी झाली आणि त्यांचे दोन कॅन पुरले. त्यांनी मान हलवली. "मंग बराबर हाय," म्हणाले, आणि शांताक्कांना माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. अर्धाच पेला. लागलं तर अजून देऊ, म्हणाले.

दाजींना जाऊन आता काही वर्षं झाली. पुन्हा समुद्रावर जायचा योग त्यांना आला नाही. जालन्यात माझ्या घरी तांब्यात उरलेलं पाणी मोरीत ओततो म्हटलं तर हात थांबतो. ते घेऊन मी फाटकाबाहेरच्या झाडापर्यंत जातो. बायको म्हणते, नळाला पाणी आलंय, ओता की तिथंच. मला दाजींचा राग येतो, अजूनही येतो. त्या दिवशी सांडलं असतं तर काय बिघडलं असतं? मग आठवतं, की मी दोन्ही हात मोकळे घेऊन इंजिनापाशी बसलो होतो, आणि दोनच खेपा राहिल्या होत्या.