कानाला लावलेली हार्ड डिस्क

पाथर्डीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने मला फसवलं.

कुठलीही हार्ड डिस्क तो आधी डोळे मिटून कानाला लावायचा, मग बोलायचा. माझीही त्याने तशीच ऐकली.

"शेठ, ही टकटक करती हाय. आतलं सगळं आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या."

"नवी गळ्यात मारतोस व्हय रे, चोरा?" मी ओरडलो.

त्याने डिस्क रुमालाने पुसली आणि मुकाट्याने माझ्या हातात दिली. आठवड्यात ती कायमची बंद पडली. माझ्या गेलेल्या आईचा आवाज फक्त तिच्यातच होता.

एरवी साध्या चार्जरवरून माझ्याशी तासभर हुज्जत घालणारा माणूस त्याच दिवशी गप्प का बसला? याचं उत्तर त्याने मला द्यावं.